जिल्ह्यात दुसरं नसलेलं नाव

मंगळवारी दुपारी फोन आला तेव्हा मी सत्यवतीच्या ब्लाउजचा गळा कापत होते. कात्री चालू असताना फोन घ्यायचा नाही, असा माझा नियम आहे. पण घरात कार्यक्रम असला की प्रत्येक अनोळखी नंबर मंडपवाल्याचाच वाटतो. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात फोन.

“बाई, ओळखलं का नाई? मी शकुन. एकोडीची.”

तळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय असलेला आवाज. न ओळखून सांगते कोणाला? पाच आठवड्यांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाकावर आम्ही दोघींनी पाच दिवस काढले होते. माझ्या भाचीची नुकतीच सुटका झालेली, तिच्या सुनेची पोरगी सातव्याच महिन्यात जन्मलेली आणि काचेच्या खोलीत ठेवलेली.

“पोट्टी कशी आहे?” मी आधी तेच विचारलं.

“घरी आनली ना बाई! शुक्रवारी बारसं हाय. तुमाले यालेच लागते. तुमचंच देल्लं नाव हाय.”

“माझं? कोणतं नाव?”

“घ्या! देनारीच इसरली! मेत्तिका.”

गळा मी जरा जास्तच खोल कापला. सत्यवतीला पुढे सांगितलं की सध्या अशीच फॅशन आहे.

मेत्तिका हे नाव आमचं होतं. आमच्या रुचिताच्या, म्हणजे त्याच भाचीच्या लेकीचं. रविवारी विहारात तिच्या कानात सांगायचं, मग सगळ्यांना, आणि तोवर कोणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलेलं. नाव आधी फुटलं की चोरी जातं, हे वरठीत सगळ्यांना ठाऊक आहे. हे नाव फक्त तीन माणसांना माहीत होतं: रुचिताला, तिच्या नवऱ्याला अश्विनला आणि मला. चौथी शकुनबाई, हे मी पाच आठवडे स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

आता मी कोण ते सांगते. मी सत्यभामा. वरठीला स्टेशनच्या मागच्या अंगाला माझा भाऊ लिलाधर राहतो, त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे आणि मशीनच्या मागे मी. सासर सोडून आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. का सोडलं ते सांगण्यासारखं नाही आणि लपवण्यासारखंही नाही, नुसतं जमलं नाही. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं चिवड्याच्या पुडीपासून विहारातल्या कपाटापर्यंत जे छापलेलं हाताला लागलं त्यातून. परत आलेल्या बहिणीने भावाच्या घरात हक्क तरी कोणते मागायचे? पण नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. तो मला कोणी देण्याची गरज पडली नाही. माझ्याकडे नावांची एक वही आहे, आणि गल्लीतल्या बाया ब्लाउजचं कापड घेऊन येतात तशा नावासाठीही येतात.

आमच्या आजोबांचं नाव मंगरू. मंगळवारी जन्मले म्हणून मंगरू. त्या काळी आमच्या लोकांना नाव शोधायची फुरसत कुठली, आठवड्याचा वार उचलायचे आणि पोराच्या गळ्यात घालायचे. छप्पन साल झालं आणि मग घराघरात संघपाल आले, आम्रपाली आल्या. म्हणून आमच्याकडे नाव ही काही उगाच ठेवायची गोष्ट नाही. आम्ही ती मिळवलेली आहे.

आणि त्याच नावात मी एकदा मोठी चूक करून बसले होते.

मी माहेरी आले त्याच्या पुढच्या वर्षी दादाला मुलगी झाली. पेपरच्या पुरवणीत मला एक नाव दिसलं, रुचिता. वाटलं, असं नाव वरठीत काय, भंडाऱ्यातही कोणी ऐकलं नसेल. त्या वर्षी ती पुरवणी जिल्ह्यातल्या सगळ्या आत्यांनी वाचली असावी. वर्गात तीन रुचिता निघाल्या. ती चौथीत असताना जिल्हा फुटला, गोंदिया वेगळं झालं, तेव्हा मला आशा वाटली की निम्म्या तरी तिकडे जातील. नाही गेल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी रुचिताने एका भरतीचा फॉर्म भरला. यादी लागली. यादीत ‘रुचिता एल. मेश्राम’. पोरगी सायकलवरून ओरडतच आली. दादाने पेढे आणले, स्टेशनवरच्या हमालांपासून विहाराच्या झाडूवालीपर्यंत वाटले. तिसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन गेली तेव्हा कळलं की तो एल लिलाधरचा नाही, लक्ष्मणचा. खिडकीतल्या माणसाची काही चूक नव्हती. यादीत नावापुढे नंबर होता. पण आनंदात माणूस नाव पाहतो, नंबर कोण पाहतो? ती दुसरी रुचिता तिथेच रांगेत उभी होती म्हणे, हसऱ्या चेहऱ्याची. आमची तिच्या बाजूने निघून आली. पुढे वर्षभर वरठीत कोणीही भेटलं की विचारायचं, “काय वं, पेढे केव्हा?” पोरीने चौकातून जाणं सोडलं. त्यानंतर तिने एकही फॉर्म भरला नाही. मी दोन फॉर्म आणून तिच्या उशाशी ठेवले, ते तिने कपाटात अंथरले आणि वर साड्या ठेवल्या.

म्हणून बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली त्याच दिवशी माझ्या मशीनला टेकून उभी राहिली. “आत्या, पोट्टी झाली तर तिचं नाव असं काढ का जिल्ह्यात दुसरं नसलं पायजे. एकच काम सांगून राहिली तुले.”

“अन् पोट्टा झाला तर?”

“मग काहीपण ठेव.”

अश्विनला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान फिरून माझ्याकडे आला होता. मी विहारातलं कपाट उपसलं. मागची पानं गळालेल्या एका पुस्तकात जुन्या काळच्या भिक्खुणींची नावं होती, त्यात मेत्तिका सापडलं. अश्विनने मोबाइलवर धुंडाळलं. तो काम करतो त्या प्लांटमध्ये तिन्ही पाळ्यांत विचारून आला, तेही नाव न फोडता: ‘म’वरून सुरू होणाऱ्या किती पोरी ओळखीत आहेत, सांगा. लोकांना वाटलं ह्याचं लग्न मोडलं. मेत्तिका कोणाच्याच ओळखीत नव्हती. नामकरणाचा बॅनर त्याने छापायला टाकला, तर त्यात नावाची जागा कोरी ठेवली. फ्लेक्सवाला फुटेल म्हणून. रविवारी सकाळी मार्करने तो स्वतः लिहिणार होता.

इतका बंदोबस्त, आणि फुटले कोण? मी.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी शकुनबाई डबा उघडून बसली होती आणि खात नव्हती. तिची नात एक किलो तीनशे साठ ग्रॅमची. बाई रडू येऊ नये म्हणून सारखी बोलायची, आणि बोलणं संपलं की डब्याकडे पाहायची. दुःखी माणसासमोर काय बोलावं ते मला सुचत नाही. म्हणून माझ्याजवळ त्या वेळी जे सगळ्यात चांगलं होतं ते मी सांगून टाकलं. आमच्या पोरीचं नाव काय ठेवणार, ते कुठे मिळालं, त्याचा अर्थ मैत्री कसा. मिरवण्याचाही थोडा भाग होताच, खोटं कशाला बोलू. शकुनबाईने दोनदा म्हणून पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. मला बरं वाटलं होतं.

आणि आता शुक्रवारी त्यांचं, रविवारी आमचं. म्हणजे जिल्ह्यातली दुसरी मेत्तिका आमचीच ठरणार होती.

बुधवारी मी एका ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या. उसवल्या आणि पुन्हा उलट्याच जोडल्या. फोन तीनदा हातात घेतला. काय बोलणार? वाटीभर साखर परत मागता येते, उसनं नेलेलं पातेलं मागता येतं. नाव कसं मागायचं? उठायचे, पाणी प्यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. रत्नावहिनी म्हणाली, “मुंग्या लागल्या का तुमच्या खुर्चीले?” आत डोकावलं तर रुचिता पोरीला मांडीवर घेऊन एका वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती, ‘मेत्तिका अश्विन रामटेके’. पान भरत आलं होतं. मला पाहून तिने पान उलटलं आणि हसली. तीन वर्षांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

सांगून टाकावं असं दहादा वाटलं. दर वेळी वाटलं, आधी एकोडीला जाऊन यावं. शकुनबाई समजदार आहे. वहीतली चार चांगली नावं पुढे ठेवावीत, म्हणावं, यातलं कोणतंही घ्या, आमचं तेवढं सोडा. काम झालं तर रुचिताला कधी कळायचंही नाही.

शुक्रवारी सकाळी मी वही पिशवीत टाकली. “साकोलीला जाऊन येते. अस्तर आणायचं आहे.”

“भंडाऱ्यातलं अस्तर सरलं का?” वहिनी म्हणाली.

“तिथं रंग चांगले भेटतात.”

“हो का,” वहिनी म्हणाली. तिच्या ‘हो का’चा अर्थ ‘नाही’ असा असतो.

वरठीहून ऑटोने भंडारा, तिथून साकोलीची बस. मी खिडकीची जागा घेतली, मग ऊन लागलं म्हणून पलीकडे गेले, मग पलीकडूनही उठले. कंडक्टर म्हणाला, “मावशी, पूर्ण गाडीच बुक केली का?” रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, मधे रचलेले भाऱ्यांचे पुंजणे. मी मनात बोलणं रचत होते. शकुनबाई, एक विनंती आहे. नको, विनंती फार मोठी वाटते. शकुनबाई, गंमतच झाली. गंमत कसली? शकुनबाई, आमच्या पोरीचं एकदा असं झालं होतं की... इथून सुरू केलं की पेढ्यांपर्यंत जावं लागायचं, आणि पेढ्यांची गोष्ट मी घराबाहेर कधी सांगितली नव्हती. साकोलीला उतरले तोवर एकही वाक्य उभं राहिलं नव्हतं. काळीपिवळीत दाटीवाटीने बसून एकोडी गाठलं.

मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला तळ्याच्या पाळीला, बांधाला लागून. कुंपणांवर जाळी वाळत घातलेली. शकुनबाईचं घर विचारावं लागलं नाही, तिचा आवाज येतच होता. तिचा मुलगा भैयाजी शेजाऱ्यांकडच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन येत होता. मला पाहून शकुनबाईने हातातलं सूप तिथेच ठेवलं.

“आल्या माय! मी मनत नोयती, येतीन मनून? ए, पानी आना!”

पाणी आलं, चहा आला, बायका जमल्या आणि मला पाहायला लागल्या. वरठीची नाववाली बाई. मी शकुनबाईला म्हटलं, “जरा मागच्या अंगणात येता? एक बोलायचं होतं.”

मागे तुळईला एक जुनं जाळं टांगलेलं होतं. तिथे उभं राहून मी म्हटलं, “शकुनबाई, ते नाव...”

“तेच त सांगाचं होतं तुमाले,” ती म्हणाली. मला वाक्य पुरं करूच दिलं नाही. “तुमी सुट्टी होऊन गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. काचेच्या खोलीत दोन ज्योत्सनाच्या पोट्ट्या. आमच्या पेटीवर लिवलं ‘ज्योत्सनाची बेबी’, बाजूच्या पेटीवरबी ‘ज्योत्सनाची बेबी’. सिस्टर चांगली होती. मने, मावशी, घरचं एखांदं नाव असन त सांगा, चिठ्ठीवर लिवून ठेवतो, दूध देतानी घोटाळा नोको. आता आमच्यात, बाई, पोट्टं घरी आल्याबिगर नाव नाई ठेवत. रायते का जाते तेच मालूम नाई, नाव कायले ठेवा? पन सिस्टर पेन धरून उभी. अन् मले एकबी नाव आठवून नाई राहिलं. एवढ्या बजारभर बाया माह्या ओळखीच्या, एकीचं नाव तोंडात येईना. येकच आलं. तुमचं.”

मी जाळ्याची गाठ नखाने उकरत होते.

“मंग पुढं बदलता आलं असतं,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला. “सुनेच्या मनात दुसरं काही...”

“ज्योत्सना त बोलतच नोयती हो! पाच-सा दिवस काचेजवळ उभी राहे, पाहे अन् परत ये. ना रडे, ना बोले. मी भेव खाल्लं, हिले काय झालं मनून. चिठ्ठी लावली त्या दिवशी पयल्यांदा तोंड उघडलं तिनं. काचेले तोंड लावून, ‘मेत्ते, ए मेत्ते.’ मंग रोज. आयकू त जाये नाई आतमंदी. तरी.” शकुनबाईने पदराने नाक पुसलं. “तुमी काय सांगत होत्या?”

“काही नाही,” मी म्हटलं. “नाव चांगलं ठेवलं, एवढंच.”

तरी मी सोडलं नव्हतं, हे कबूल करते. आत गेले तेव्हाही पिशवी काखेत घट्ट होती आणि पिशवीत वही. पाळणा मधल्या खोलीत टांगला होता. ज्योत्सना पायथ्याशी बसलेली, बारकीशी, केस चापून बांधलेले. पोरगी रडत होती, मांजराच्या पिल्लासारखी. ज्योत्सना वाकून म्हणाली, “मेत्ते,” आणि पोरगी थांबली. आईचा आवाज ओळखून थांबली असेल, दुसरं काही म्हटलं असतं तरी थांबली असती. असं मी स्वतःला समजावलं.

मग एक म्हातारी म्हणाली, “चला, आत्याबाई कुठी हाय? कानात सांगा.”

भैयाजीची बहीण पुढे झाली आणि तिने माझा हात धरला. “मी नाई सांगत. ज्यानं नाव देल्लं त्यानंच सांगा.”

बायका बाजूला सरकल्या. मी पाळण्याशी वाकले.

कानात काय सांगते ते फक्त मला आणि त्या दोन किलोच्या पोरीला कळणार होतं. नंतर मोठ्याने जे म्हणेन ते सगळ्यांनी मानलं असतं. शिकलेली समजून बोलावलेली बाई मी. म्हटलं असतं, याहूनही चांगलं नाव सापडलं म्हणून खास आले आहे, तर शकुनबाई उलट पाया पडली असती. वहीतली नावं एकामागून एक डोळ्यांसमोरून गेली. खेमा. सेला. नंदुत्तरा. नंदुत्तरा तर मेत्तिकापेक्षा भारदस्त. जिभेच्या टोकावर आलं होतं. रुचिताने लिहून भरलेलं ते पान आठवलं, तिचं हसू आठवलं. फक्त तीन अक्षरांऐवजी चार म्हणायची होती.

पोरीच्या अंगाला मोहरीच्या तेलाचा वास होता. कान चिंचेच्या कोवळ्या पानाएवढा. मान वर केली तर समोर ज्योत्सना, आणि तिचे ओठ हलत होते. मी सांगायच्या आधीच ती ते नाव म्हणत होती, बिनआवाजाचं, काचेच्या पलीकडे म्हणावं तसं.

मी मेत्तिका म्हटलं. कानात एकदा, मोठ्याने तीनदा.

निघताना शकुनबाईने पिशवीत सुकलेल्या झिंग्यांची पुडी कोंबली. नको म्हणायला मला तोंडच नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी एकाच जागी बसले. डोकं मात्र सारखं उठत-बसत होतं. वरठी यायला सात वाजले.

दार उघडल्या उघडल्या वहिनीने पिशवी हुंगली. “अस्तराले झिंग्याचा वास काहून येऊन राहिला?”

रुचिता आतून आली, पोरगी खांद्यावर. “कुठं गेली होतीस आत्या?”

मी चपला न काढताच सगळं सांगितलं. व्हरांड्यातला डबा, फोन, जाळ्याखालचं बोलणं. दोन ज्योत्सना, एक चिठ्ठी. मी कानात काय म्हटलं ते. दादा टीव्ही बंद करून ऐकत होता. अश्विन नुकताच पाळीवरून आला होता, त्याच्या हातात गुंडाळलेला बॅनर.

रुचिता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, “एकच काम सांगतलं होतं तुले. एकच.” आणि आत गेली. दार लावलं नाही, पण लोटलं.

“मंग बॅनरवर काय लिवू?” अश्विनने विचारलं.

“तुझं लिही,” वहिनी म्हणाली.

शनिवारी सकाळी कोणी माझ्याशी बोललं नाही, म्हणजे बोलले, पण चहा घे, दूध आलं, असं. दादा म्हणाला, “वहीत आहेत ना एवढी? दे दुसरं काढून.” मी वही उघडली. सगळीच नावं कोणीतरी वापरून धुऊन ठेवलेली वाटत होती. तरी चार वेगळ्या कागदावर उतरवली आणि आत गेले.

रुचिता पाटावर बसून पाय लांब करून पोरीला तेल लावत होती. मी कागद पुढे केला. तिने पाहिला नाही.

“वजन किती होतं म्हणे त्या पोट्टीचं?”

“तेराशे साठ.”

“अन् आता?”

“दोन किलो म्हणत होत्या.”

तिने पोरीला पालथं घातलं, पाठीवर तेल सोडलं. “तू दुसरं नाव सांगू शकत होती तिथं.”

“हो.”

“मनात आलं होतं?”

“आलं होतं. जिभेवर आलं होतं.”

“मग काहून नाही सांगतलं?”

मी म्हटलं, “तिची आई म्हणून राहिली होती गं. माझ्याआधीच. मी नुसतं मागून म्हटलं.”

रुचिता पोरीचे पाय चोळायला लागली. पोरगी टकामका पाहत होती. तिला पाच आठवड्यांत दिवसाची झोप अशी ठाऊकच नव्हती.

“आत्या,” ती म्हणाली, “मी नाही म्हटलं कधी.”

“काय?”

“मेत्तिका. लिवलं लय वेळा. पण हिले आवाज देऊन पाहिला ना, तर तोंडातच नाही बसलं. वाटे, फॉर्मवरचं नाव वाचून राहिली. एकटी असली का मी हिले दुसरंच म्हणते.”

“काय म्हणतेस?”

ती लाजली. रात्रभर जिच्यावर रागावलेली होती तिच्यासमोर लाजली. “टिपूर.”

“टिपूर?”

“डोळे पाय ना. दवाखान्यात पहिल्यांदा हातात देल्ली तवाच असे उघडे. टिपूर चांदणं पडते ना, तसे. तेव्हापासूनच म्हणते.”

माझ्यातली नाववाली जागी झाली. “अगं, टिपूर हे काही नाव नाही. ते चांदण्याला म्हणतात. नुसतं टिपूर कोणी ठेवते का? माझ्या वहीत...”

“तुह्या वहीत नाही. म्हणूनच.”

मी कागदाची घडी केली. मग म्हटलं, “अश्विनला सांगते, जिल्ह्यात दुसरी कोणी...”

“काही पाहू नको म्हणा. असली तर असली.” तिने पोरीला सुलटं केलं. “पण कानात मी सांगन उद्या.”

हे मला लागलं. त्या घरात माझ्या म्हणाव्या अशा दोनच गोष्टी होत्या, मशीन आणि हा मान. पोरीने एक सहज उचलून घेतली, तेलाची बाटली उचलावी तशी. मी म्हटलं, “आईने सांगायची रीत नाही आपल्यात.”

“मग तू बाजूले उभी राहजो,” ती म्हणाली. “म्हणजे रीतबी बाजूलेच राहीन.”

हसावं की रुसावं ते ठरेपर्यंत पोरगी मुतली आणि सगळा प्रश्न तिथेच संपला.

रविवारी विहारात पन्नास-साठ माणसं. अश्विनने बॅनर लावला. कानात पडेपर्यंत नाव बदलू शकतं हे आता त्याला कळलं होतं, म्हणून त्याने आत्तापर्यंत काही लिहिलंच नव्हतं, मार्कर कानावर खोचून उभा. विहारातले विधी घेणाऱ्या वासुदेवरावांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. मग सवयीने माझ्याकडे पाहून म्हणाले, “हं, सत्यभामाबाई.”

माझे पाय आपोआप एक पाऊल पुढे गेले. रुचिता माझ्यापुढून गेली. तिने पोरीला उचललं, कानाशी तोंड नेलं, आणि नेहमी म्हणते तसंच म्हटलं असणार, कारण पोरगी अजिबात दचकली नाही. मग तिने मान वर करून सगळ्यांना सांगितलं. पण इतक्या बारीक आवाजात, की पहिल्या दोन रांगांच्या पुढे काही पोचलं नाही.

“काय म्हणे? काय ठेवलं?” मागे कुजबूज सुरू झाली. सगळ्या माना माझ्याकडे. शेजारच्या सखाबाईंनी माझा दंड धरून हलवला. “काय ठेवलं वो आत्या? तुमीच काढलं असन.”

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. अर्थ, कुठून आलं, कसं सुचलं, सगळं तयार होतं आत.

“तिच्या आईले विचारा,” मी म्हटलं.

सखाबाई उठून गेल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी, मग प्लांटमधली अश्विनची माणसं. रुचिताला ते अकरा वेळा सांगावं लागलं. मी मोजलं, दुसरं काही करायलाच नव्हतं. दर वेळी तिचा आवाज आधीपेक्षा थोडा मोठा निघत होता.